सोडून गेलेल्यांबद्दल तिथे काय बोलतात, ते आधी ऐका

(पोस्ट मोठी झालीय. सवडीने वाचा.)

मागच्या रविवारी एका मुलीचा मेसेज आला. वय पंचवीस-सव्वीस असेल, आपल्याच भागातली. "ताई, आम्ही तीन महिन्यांपूर्वी सत्संग सोडला. घरचे बोलायचे बंद झालेत. मैत्रीण म्हणते, दुसऱ्या एका माताजींकडे चल, तिथे मन शांत होतं. मावसभाऊ म्हणतो, सुटलीस ना एकदाची, आता हे देवाबिवाचं थोतांडच सोड. मला दोन्ही जमत नाहीये. मी काय करू?"

असे मेसेज मला वर्षातून चार-पाच येतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिते आणि दर वेळी तेच लिहिते. म्हणून या वेळी इथेच लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझा जन्म एका कडक शिस्तीच्या संप्रदायातल्या घरात झाला. नाव लिहिणार नाही. कोर्टकचेरीची भीती आहे म्हणून नव्हे. नाव लिहिलं की कमेंटमध्ये त्या एका नावावर भांडण सुरू होतं आणि बाकीचे म्हणतात, "आमच्याकडे असलं काही नसतं." असतं. कमी-जास्त असतं, पण सगळ्या धर्मांत असतं.

आमच्याकडे पहाटे साडेचारला उठायचं. कांदा-लसूण नाही, बाहेरचं खाणं नाही, दुसऱ्या देवळात पाऊल टाकायचं नाही. रविवारी हजेरी. लग्न संप्रदायातच. माझंही तसंच झालं. यातल्या कशाबद्दलही माझी फारशी तक्रार नव्हती. उलट खरं सांगायचं तर खूप काही चांगलं होतं. माझे वडील शेवटच्या आजारात अडीच महिने दवाखान्यात होते, तेव्हा एकही रात्र आम्हाला एकट्याला काढावी लागली नाही. रक्त द्यायला, डबा पोहोचवायला, नुसतं शेजारी बसायला माणसं यायची. हे मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. "असल्या ठिकाणी लोक राहतात तरी कसे" असं विचारणाऱ्यांना माझं हेच उत्तर असतं. लोक मूर्ख असतात म्हणून राहत नाहीत. अडीच महिने डबा येतो म्हणून राहतात.

मग सोडलं का?

माझ्या चुलत बहिणीने संप्रदायाबाहेर लग्न केलं. तिच्याशी बोलायचं नाही असा निरोप सगळ्यांना गेला. लेखी काही नाही. असल्या गोष्टी लेखी नसतातच. वर्षभर मी पाळलं. मग तिचं बाळंतपण अडलं, सिझर झालं आणि मी दवाखान्यात जाऊन आले. अर्धा तास बसले असेन. पुढच्या रविवारी मला सभेत उभं करून माफी मागायला लावली. मी मागितली. हात जोडून मागितली. मला त्यात फार काही वाटलंही नाही, इतकी सवय झाली होती. पण घरी येताना गाडीवर मागे बसलेल्या नऊ वर्षांच्या लेकीने विचारलं, "आई, तू चोरी केलीस का?"

मला उत्तर देता आलं नाही. ते साल २०१४. त्यानंतर आम्ही रविवारी गेलो नाही.

सोडल्यानंतर काय होतं, ते कोणी सांगत नाही

लोकांना वाटतं, सोडलं की मोकळं वाटत असेल. पहिले सहा महिने मला अजिबात मोकळं वाटलं नाही. पहाटे साडेचारला जाग यायची आणि करायला काहीच नसायचं. अंधारात स्वयंपाकघरात बसून राहायचे. स्कूटीवरून पडले, गुडघा फुटला, तर पहिला विचार हाच, शिक्षा मिळाली. लेकीला ताप आला तरी तेच. मी पतसंस्थेत काम करते. दिवसभर आकडे तपासणारी बाई मी, पण तापाचा आणि हजेरीचा हिशोब मनातून जात नव्हता.

बाजारपेठेत ओळखीच्या बायका समोरून आल्या की रस्ता बदलायच्या. यांच्या दुकानाचं निम्मं गिऱ्हाईक संप्रदायातलं होतं, ते हळूहळू आटलं. भांडण कोणी केलं नाही, पायरी चढायचे बंद झाले इतकंच. आणि आई. ती येत राहिली, महिन्यातून एकदा, पण आमच्या घरचं पाणी प्यायची नाही. स्वतःची बाटली घेऊन यायची. ज्या पोरीला वाढवलं तिच्या घरी येताना म्हातारी बाई पिशवीत पाण्याची बाटली घालून आणते, हे दृश्य दर महिन्याला बघायचं.

पुष्कळ जण विचारतात, "मग तक्रार का नाही केली? कायदा आहे की." आहे. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा २०१६ मध्ये मंजूर केला आणि २०१७ मध्ये तो लागू झाला. बहिष्कार टाकणं हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध वर्षानुवर्षं झगडलेल्या माणसांमुळे हा कायदा आला. तो हवाच. ज्याचं अंत्यसंस्काराला कोणी येत नाही, ज्याच्या पोरांची लग्नं मोडतात, त्याच्या हातात निदान एक कागद आहे.

पण माझ्या बाबतीत तक्रार कोणावर करायची होती? पाण्याच्या बाटलीवर? आईवर?

आणि कायद्यालाही ही गाठ सोपी गेलेली नाही. मुंबई राज्याने १९४९ मध्येच बहिष्कृत करण्याला बंदी घालणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो कायदा रद्द ठरवला. कोणाला धर्मसमूहाबाहेर काढायचं हा त्या समूहाच्या धार्मिक व्यवहाराचा भाग आहे, अशी ती भूमिका होती. त्या निकालाचा फेरविचार व्हावा असं २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाला वाटलं आणि प्रकरण मोठ्या पीठाकडे गेलं. म्हणजे बघा, साठ वर्षांनीसुद्धा प्रश्न तोच आहे. स्वातंत्र्य गटाचं मोठं की गटातल्या माणसाचं?

मी वकील नाही. पण राज्यघटनेचं २५ वं कलम मी पुन्हा पुन्हा वाचलंय. त्यात धर्म पाळण्याच्या आणि त्याचा प्रसार करण्याच्या आधी एक शब्द येतो, सद्सद्विवेकबुद्धी. तिचं स्वातंत्र्य आधी. गटांना आपला कारभार करण्याचा हक्क पुढच्या, २६ व्या कलमात. माझ्यासारखीला एवढा क्रम पुरतो.

रिकाम्या जागेवर सगळ्यांचा डोळा

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते.

तुम्ही एक वाट सोडली की आत एक रिकामी जागा तयार होते. ती लगेच भरायला तीन प्रकारची माणसं येतात. जुने म्हणतात, परत ये, माफ करू. नवे गुरू म्हणतात, तिकडे खोटं होतं, खरं इकडे आहे. आणि काही पुरोगामी मित्र म्हणतात, आता शहाणी झालीस ना, मग देवही सोड.

आमच्या घरात दुसरा प्रकार झाला. सोडून सहा महिने झाले आणि माझा नवरा एका महाराजांकडे जायला लागला. मोबाईलवर रोज सकाळी त्यांचे संदेश यायचे. पहिल्यांदा सगळं गोड. मग जुन्या संप्रदायाचा 'दोष' काढायला एकवीस हजार. आम्ही भरले. हो, मीही होकार दिला, कारण माझ्याही मनात भीती होतीच. पावती मागितली तर उत्तर आलं, "देवाला पावती मागतेस?" पुढे एक दिवस महाराज म्हणाले, थोरल्या भावाकडे जाणं कमी करा, त्याची दृष्टी चांगली नाही. नवरा घरी आला, जेवला नाही, आणि रात्री म्हणाला, "अगं, हे तर तेच आहे." एकवीस हजार गेले, पण धडा मिळाला.

तिसऱ्या प्रकाराबद्दलही बोलते, कारण ते मित्र ही पोस्ट वाचणार आहेत. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या दोन-तीन कार्यक्रमांना मी गेले. सातारा आमच्यापासून लांब नाही. डॉ. दाभोलकरांचा खून होऊन वर्ष झालं होतं. मी भीत भीतच गेले, वाटलं देवाधर्माला शिव्या ऐकाव्या लागणार. तसं झालं नाही. दाभोलकरांची भूमिका स्पष्ट होती, विरोध शोषणाला, देव मानणाऱ्या माणसाला नाही. तिथे माझी भीती निम्मी झाली. गुडघा फुटतो तो रस्त्यावरच्या खड्ड्यामुळे, हे मला तिथे पटलं. पण एकदा चहा पिताना एक ओळखीचे गृहस्थ हसत म्हणाले, "अजून तुळशीला पाणी घालता का?" आणि मला सभेत उभं राहिल्यासारखं वाटलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण कोणाच्या तरी नजरेत पास होण्यासाठीच जगायचं असेल, तर जुनं काय वाईट होतं?

म्हणून माझं पहिलं म्हणणं. घाई करू नका, आणि सोडलेल्या माणसाला घाई करायला लावू नका.

आपल्याच राज्यातलं उदाहरण देते. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही. आणि नागपूरला धम्मदीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ ला. मधे एकवीस वर्षं. निरनिराळ्या धर्मांचे लोक त्यांना बोलवत होते, सगळीकडून आमंत्रणं होती. ते वाचत राहिले, तपासत राहिले. त्यांचा लढा लाखो माणसांच्या माणुसकीचा होता, माझ्या रविवारच्या हजेरीशी त्याची तुलना नाहीच. पण एवढ्या मोठ्या माणसाने सोडणं आणि धरणं यांच्यामध्ये एकवीस वर्षं घेतली, तर तू तीन महिन्यांत का ठरवावंस?

दुसरं नाव लक्ष्मीबाई टिळकांचं. 'स्मृतिचित्रे' मी सोडल्यानंतर पहिल्यांदा नीट वाचलं. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग नवऱ्याकडे आल्या, तरी सोवळं-ओवळं, पाणी, स्वयंपाक वेगळाच ठेवला. नवरा म्हणतो म्हणून त्या बदलल्या नाहीत, नातेवाईक म्हणतात म्हणून सोडून गेल्या नाहीत. स्वतःला पटलं तेव्हा बदलल्या. त्या घरातलं वेगळं पाणी वाचताना मला आईची बाटली आठवली. मी तोवर आईवर चिडत होते. मग वाटलं, तिलाही तिच्या गतीने येऊ दे, किंवा न येऊ दे.

मी कुठे कुठे गेले

इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला गेले. तिथे शिस्त आमच्या संप्रदायापेक्षा कडक. पहाटे चारला घंटा, नऊ दिवस मौन, फोन जमा. पहिल्या दिवशी पोटात गोळाच आला, पुन्हा त्यातच अडकले की काय! पण फरक लक्षात आला. नियम आधीच कागदावर सांगितले होते. राहण्या-जेवणाचे पैसे घेत नाहीत, दान घेतात तेही शिबिर पूर्ण केलेल्याकडूनच. आणि घरी आल्यावर "का आली नाहीस" म्हणून कोणाचा फोन आला नाही. मी पुढे नियमित बसले नाही, कोणी विचारलं नाही. म्हणजे अडचण शिस्तीची नव्हती. शिस्त मी स्वीकारली की माझ्यावर लादली, प्रश्न तो होता.

वारीत गेले. पूर्ण नाही, शेजारच्या काकूंबरोबर लोणंद ते तरडगाव, माऊलींच्या पालखीसोबत. चांदोबाच्या लिंबाजवळचं उभं रिंगण पाहिलं. दिंडीतल्या एका म्हाताऱ्या बाईंना मी आपणहून सांगितलं, की मी आधी अमुक संप्रदायात होते, आता सोडलाय. मला वाटलं काहीतरी प्रवचन येईल. त्या म्हणाल्या, "बरं. दमलीस का? बस जरा." वारीतही मानपान आहेत, रुसवेफुगवे आहेत, माणसं आहेत तिथे ते असणारच. पण "बस जरा" हे वाक्य मला फार दिवसांनी ऐकायला मिळालं होतं.

आज मी कोण, असं विचाराल तर नीट उत्तर नाही. सकाळी अर्धा तास शांत बसते. तुळशीला पाणी घालते. जमेल त्या वर्षी लोणंदला जाते. गुरू नाही. कांदा-लसूण खाते, पण मंगळवारी खावंसं वाटत नाही, का ते माहीत नाही. चालतं.

त्या मुलीला, आणि तुम्हालाही

नव्या ठिकाणी जायचं तर जरूर जा. माताजींकडेही जा. पण डोळे उघडे ठेवून जा. मी हिशोबाची बाई, म्हणून पाच गोष्टी तपासते.

एक, प्रश्न विचारला की उत्तर मिळतं की "श्रद्धा कमी पडतेय" असं ऐकवतात?
दोन, पैशाची पावती मिळते का, आणि हिशोब कोणालाही बघता येतो का?
तीन, घरच्यांशी, मित्रांशी संबंध तोडायला किंवा 'कमी करायला' सांगतात का?
चार, डॉक्टरांची औषधं बंद करायला सांगतात का? सांगितलं, तर चप्पल घालायची आणि घरी यायचं. हे विचार करून ठरवायचं प्रकरणच नाही.
पाच, आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची. तिथून सोडून गेलेल्या माणसांबद्दल ते काय बोलतात, ते ऐका. पहिल्याच आठवड्यात सहज विचारा, "आधी इथे येणारे कोणी आता येत नाहीत का?" उत्तर जर "हो, अमके यायचे, आता येत नाहीत, भेटतात कधीकधी" असं असेल, तर बसा तिथे. आणि जर ते गेले म्हणून त्यांचं वाटोळं झालं, धंदा बुडाला, पोरगं आजारी पडलं अशा कथा सुरू झाल्या, तर समजा की उद्या तुमचीही कथा तयार होणार आहे. आत येताना सगळेच हार घालतात. गेलेल्या माणसाचं नाव निघाल्यावर तोंडातून काय बाहेर पडतं, त्यावरून ठिकाण ओळखावं.

हीच कसोटी पुरोगामी मंडळींना लावा, राजकीय पक्षांना लावा, आणि आपल्या घरालाही लावा. मी स्वतःला लावते. माझी लेक आता कॉलेजात आहे. उद्या ती म्हणाली की मला आजीच्या सत्संगात जायचंय, तर मी काय करीन? पोटात कालवेल. पाच प्रश्न तिच्या हातात देईन. पण दार लावणार नाही आणि पाण्याची बाटली घेऊन तिच्याकडे जाणार नाही, एवढं आज लिहून ठेवते. नंतर मीच विसरले तर ही पोस्ट दाखवा.

आणि ज्यांच्या घरातलं कोणी सोडून गेलंय, त्यांना हात जोडून सांगते. तुमची श्रद्धा तुम्ही ठेवा. फक्त फोन चालू ठेवा. तो माणूस देवापासून लांब गेलाय की नाही हे देव आणि तो बघून घेतील. तुमच्यापासून लांब जातोय की नाही, एवढंच तुमच्या हातात आहे.

आईचं सांगायचं राहिलं. ती आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. पाणी अजून पीत नाही आमच्याकडे. पण चार-पाच वर्षांपूर्वी एकदा तिने टेबलावरची केळी पाहिली आणि म्हणाली, "सालीचं फळ चालतं गं." तिच्या नियमात हे बसतं की तिने बसवलं, मी विचारलं नाही. तेव्हापासून घरात केळी संपू देत नाही. ती येते, एक केळं खाते, स्वतःच्या बाटलीतलं पाणी पिते, नातीच्या डोक्यावरून हात फिरवते आणि पाचच्या एसटीने परत जाते.

त्या मुलीला मी एवढंच उत्तर पाठवलंय, "घाई करू नकोस. कराडला आलीस तर घरी ये."